एका कापडाचा माणूस

एखाद्या शिंप्यावर अग्रलेख लिहावा काय, असा प्रश्न कुणा वाचकाच्या मनात आला तर आम्ही त्याचा राग मानणार नाही. या स्तंभात मंत्र्यांची आश्वासने, अर्थसंकल्पातील तुटी, रस्त्यांवरील खड्डे आणि आमदारांची पक्षांतरे यांचीच वर्दळ असते. तेथे पॅरिसच्या मंचावर चित्रविचित्र वस्त्रे मांडणाऱ्या एका जपानी माणसाचे काय काम? शंका रास्त आहे. परंतु वस्त्र ही क्षुल्लक बाब आहे, असे निदान गोमंतकीय माणसाने तरी म्हणू नये. १७३६ साली इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात धर्मांतर केलेल्या स्थानिकांनी पुडवें नेसू नये अशी आज्ञा होती. माणसाचा देव बदलला तरी त्याच्या कमरेचे वस्त्र जोवर बदलत नाही तोवर तो आपला झाला नाही, हे राज्यकर्त्यांनी बरोबर ओळखले होते. पुढे याच देशात विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या आणि चरख्यावरच्या सुताने एका साम्राज्याला घोर लावला. कुणी काय नेसावे आणि ते कुणी विणावे, हा प्रश्न राजकारणाच्या बाहेरचा कधीच नव्हता.

इस्से मियाके ५ ऑगस्ट २०२२ रोजी टोकियोत वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी वारले. आपल्याकडच्या वृत्तपत्रांनी त्यांची ओळख बहुधा 'स्टीव्ह जॉब्सचा काळा स्वेटर शिवणारा' एवढ्या एका ओळीत उरकली. ती ओळ खोटी नाही. १९८१ साली मियाके यांनी सोनी कंपनीच्या कामगारांसाठी बाह्या काढून ठेवता येतील असे एक जाकीट तयार केले होते. ते जपानात पाहून जॉब्स यांना मोह पडला. अमेरिकेत परतून आपल्या कंपनीतही असा एखादा गणवेश असावा असे त्यांनी सुचविले, तेव्हा त्यांच्याच माणसांनी ती कल्पना हाणून पाडली. मग जॉब्स यांनी स्वतःपुरता गणवेश ठरविला आणि मियाके यांनी त्यांना काळ्या बंदगळ्याचे शंभरेक स्वेटर करून दिले. गोष्ट गमतीची आहे, पण एवढ्यावर एका माणसाचे आयुष्य मोजावयाचे म्हणजे हिमालयाची ओळख तेथे मिळणाऱ्या शिलाजितावरून करून देण्यासारखे आहे.

मियाके यांचा जन्म २२ एप्रिल १९३८ रोजी हिरोशिमात झाला. त्यांच्या नावाची दोन अक्षरे 'एक आयुष्य' अशा अर्थाची आहेत. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी ते सात वर्षांचे होते आणि शाळेत होते. प्रखर तांबडा प्रकाश, पाठोपाठ उठलेला काळा ढग आणि वाट फुटेल तिकडे धावणारी माणसे, एवढे त्यांच्या डोळ्यांपुढून जन्मभर हलले नाही. किरणोत्साराने भाजलेली आई तीन वर्षांच्या आत गेली. ते स्वतः दहाव्या वर्षी अस्थिमज्जेच्या विकाराने आजारी पडले. अशा मुलाने पुढे काय व्हावे? डॉक्टर, पुढारी, संन्यासी, फार तर कवी. तो कपड्यांकडे का वळला, हे कोडे पुष्कळांना पडले आणि त्याचे उत्तर देण्याचे मियाके यांनी कित्येक वर्षे टाळले.

त्या उत्तराचा एक धागा हिरोशिमातच सापडतो. शहराची राखरांगोळी झाल्यावर तेथे शांती उद्यान उभारण्याचे ठरले आणि त्याच्या लगतच्या दोन पुलांचे कठडे घडविण्याचे काम इसामू नोगुची या शिल्पकाराकडे आले. नोगुची यांचे वडील जपानी आणि आई अमेरिकन. म्हणजे ज्यांनी बॉम्ब टाकला आणि ज्यांच्यावर तो पडला त्या दोघांचेही रक्त या माणसाच्या अंगात होते. १९५२ साली ते पूल पुरे झाले. एकाचे नाव 'घडविणे' आणि दुसऱ्याचे 'जाणे'. शाळेत जाता-येता हे कठडे पाहणाऱ्या पोराला वाटले की रोजच्या वापरातली एखादी वस्तू विचारपूर्वक घडविली तर ती मोडलेल्या माणसाला उभे करू शकते. स्मारके पुष्कळ असतात. पण ज्यावर हात ठेवून माणूस नदी ओलांडतो असे स्मारक विरळा. मियाके यांनी हे ऋण पुढे मोकळेपणाने सांगितले आणि नोगुची यांचा स्नेहही संपादन केला.

टोकियोच्या तामा कलाविद्यालयात ते मांडणी आणि रेखाटन शिकले. विद्यार्थी असतानाच, १९६० साली, टोकियोत जागतिक डिझाइन परिषद भरली. इमारती, खुर्च्या, भित्तिपत्रके, यंत्रे अशा सर्व गोष्टींची चर्चा तीत व्हावयाची होती. वस्त्राची मात्र नव्हती. बावीस वर्षांच्या या मुलाने संयोजकांना पत्र लिहून विचारले की माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत ज्यात गुंडाळलेला असतो ती वस्तू तुमच्या यादीत का नाही? पत्राने परिषदेची विषयपत्रिका बदलली नाही, परंतु लिहिणाऱ्याचे आयुष्य बदलले. १९६५ साली ते पॅरिसला गेले, तेथील उच्चभ्रू शिवणकलेच्या विद्यालयात शिकले आणि आधी गी लारोश व नंतर जिव्हाँशी या नामांकित घराण्यांत त्यांनी उमेदवारी केली.

आणि तेथे १९६८ चा मे महिना आला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, कामगारांनी कारखाने बंद पाडले. चार-दोनशे श्रीमंत स्त्रियांच्या मापाने हाताने टाके घालणाऱ्या त्या पेढ्यांतून हा जपानी तरुण बाहेर पाहत होता. आपण कुणासाठी राबत आहोत हा प्रश्न त्याला त्या दगडफेकीत पडला. रस्त्यावरच्या माणसाने घालावे असे काही आपण करावयास हवे, ही त्यांची धारणा त्या दिवसांत पक्की झाली. मग न्यू यॉर्कमध्ये जेफ्री बीन यांच्याकडे थोडा काळ काढून १९७० साली ते टोकियोस परतले आणि त्यांनी मियाके डिझाइन स्टुडिओ स्थापन केला. पॅरिसमध्ये नाव काढण्याची संधी असताना घरी परतणारा माणूस आम्हांस नेहमीच विचार करावयास लावतो. हा माणूस घरी परतून तीनच वर्षांनी, १९७३ साली, पुन्हा पॅरिसला गेला. पण आता उमेदवार म्हणून नव्हे, आपले मत मांडण्यासाठी.

ते मत काय होते हे समजण्यासाठी जपानच्या अंगावरच्या कपड्यांचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे. तेथे पाश्चात्य वस्त्र प्रथम आले ते पोर्तुगीजांच्या गलबतांतून, आणि ती गलबते आमच्याच गोव्याच्या धक्क्यावरून निघत. झेवियर १५४९ साली येथूनच तिकडे गेला. त्या व्यवहाराची खूण जपानी भाषेत आजही शिल्लक आहे. पावसाळी अंगरख्याला जपानी माणूस 'काप्पा' म्हणतो, तो पोर्तुगीज 'कापा'. आणि बटणाला तो म्हणतो 'बोतान', जे आमच्या गावातल्या आजीच्या तोंडी 'बुतांव' होऊन बसले आहे. एकाच गलबताने दोन किनाऱ्यांवर टाकलेली ही बटणे! परंतु जपानने लवकरच दारे लावून घेतली आणि पुढची दोन शतके तो आपला किमोनो नेसून स्वस्थ राहिला. दारे पुन्हा उघडल्यावर मात्र १८७२ साली सरकारने फर्मान काढून दरबारी समारंभांचा पोशाख युरोपीय केला. सम्राटाने स्वतः लष्करी कोट चढविला. आम्हांस परक्यांनी कोट घालावयास लावले. जपानने ते स्वतःच्या हाताने घातले. परिणाम पुष्कळसा सारखाच झाला. आपले ते घरी नेसण्याचे आणि त्यांचे ते बाहेर मिरविण्याचे, ही फाळणी माणसाच्या मनात पक्की झाली.

युरोपीय शिंपी काय करतो? तो कापड कातरतो. छाती, कंबर, खांदा यांच्या वळणाबरहुकूम तुकडे पाडतो, ते जोडतो आणि शरीराची एक पोकळ प्रतिमाच उभी करतो. हा कोट खुंटीवर टांगला तरी त्यात माणूस असल्यासारखा वाटतो. किमोनोचा हिशेब अगदी निराळा आहे. सुमारे हातभर रुंद आणि बारा मीटर लांब अशा एका पट्ट्यातून त्याचे सरळ तुकडे निघतात, चिंधी अशी वाया जात नाही. पूर्वी धुण्यासाठी तो उसवीत आणि तुकडे जोडले की मूळचा पट्टा पुन्हा तयार होई. अंगावर नसताना तो केवळ घडी असतो. कापड आणि अंग यांच्यात मोकळी हवा राहते, आणि वस्त्राला आकार देतो तो नेसणारा. साडी नेसणाऱ्या आणि धोतराचा काचा मारणाऱ्या लोकांस हे अधिक समजावून सांगावयास नको. सहावारी असो वा नऊवारी, ती एकच; आणि कोळीण, कुळंबीण व भटीण ती तीन तऱ्हांनी नेसतात.

मियाके यांनी या तत्त्वाला नाव दिले 'एकच कापड'. पुढील पन्नास वर्षे त्यांनी केले ते सारे या दोन शब्दांचा विस्तार आहे. मात्र त्यांनी किमोनो पुन्हा शिवला नाही, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. पूर्वजांची वस्त्रे जशीच्या तशी अंगावर घालून संस्कृतिरक्षणाचा टेंभा मिरविणे सोपे होते आणि पॅरिसच्या रसिकांना तर ते हवेच होते. पूर्वेकडच्या माणसाने पंखा, छत्री आणि चेरीचा मोहर घेऊन यावे एवढीच त्यांची अपेक्षा होती. या माणसाने वस्त्र घेतले नाही, वस्त्रामागचा विचार घेतला. शेतकऱ्यांच्या जाड दोऱ्याने टाचलेल्या बंड्या, तेल पाजलेला कागद, मजुरांचे सदरे यांचा त्याने शोध घेतला, आणि त्याच बरोबर राळेच्या साच्यात ओतलेली स्त्रीची धडप्रतिमा आणि बांबू-वेताचे काम करणाऱ्या कारागिराकडून विणवून घेतलेले चिलखतही सादर केले. त्या वेताच्या चिलखताचे छायाचित्र फेब्रुवारी १९८२ मध्ये 'आर्टफोरम' या कलाविषयक नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. चित्रकार-शिल्पकारांच्या त्या सोवळ्या पंगतीत एका शिंप्याला पाट मिळाला तो असा. या कामात त्यांना १९७० पासून साथ होती ती मकिको मिनागावा यांची. मियाके यांच्या मनात वस्त्र यावे आणि मिनागावा यांनी त्याचे सूत शोधावे, असा हा संसार होता. जपानच्या खेड्यापाड्यांतील मोडकळीस आलेल्या गिरण्या आणि एकांड्या विणकऱ्यांकडे त्या स्वतः जात. नाव मियाके यांचे झाले. मिनागावा यांचे जितके व्हावयास हवे होते तितके झाले नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

१९८१ साली रेई कावाकुबो आणि योहजी यामामोतो हे दोघे पॅरिसला आले. काळी, भोके पडलेली, विस्कटलेली वस्त्रे पाहून तेथील समीक्षक हादरले. जपानी माणसांची फाटकी वस्त्रे पाहिली की त्यांना एकच शब्द सुचला: हिरोशिमा. 'हिरोशिमा थाट' असे नाव या वस्त्रांस चिकटविण्यात आले. आता पाहा, कावाकुबो किंवा यामामोतो यांचा हिरोशिमाशी काडीचाही संबंध नव्हता, दोघेही टोकियोचे. ज्याचा होता तो मियाके त्याच शहरात, त्याच मंचांवर होता. आणि त्याची वस्त्रे रंगीत, हलकी, वाऱ्यावर फुगणारी होती. ज्याने खरोखर पाहिले होते त्याने काजळी आपल्या कापडावर येऊ दिली नाही आणि ज्यांनी काही पाहिले नव्हते त्यांनी दुसऱ्याच्या राखेवरून विनोद केला. यावर मियाके काही बोलले नाहीत. अणुबॉम्बमधून वाचलेला वेषकार, अशी पाटी गळ्यात घालून हिंडावयाचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. त्या पाटीला बाजारात केवढा भाव आला असता याची कल्पना वाचकांनी करावी! आमच्याकडे तर तुरुंगात न गेलेल्यांनीही तुरुंगवासाचे दाखले मिळविल्याच्या कहाण्या कानी येतात. सोसले त्याचे भांडवल न करणे ही एक दुर्मिळ कुलीनता आहे, आणि ती कुळाने येत नाही.

हे मौन त्यांनी एकदाच मोडले. एप्रिल २००९ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी प्राग येथे अण्वस्त्रमुक्त जगाची भाषा केली. त्या जुलैत 'न्यू यॉर्क टाइम्स'मध्ये मियाके यांचा छोटेखानी लेख आला. आपण त्या सकाळी हिरोशिमात होतो, काय पाहिले, आई कशी गेली, हे त्यांनी थोड्या शब्दांत सांगितले आणि ओबामांनी हिरोशिमास यावे अशी विनंती केली. नष्ट होणाऱ्या गोष्टींपेक्षा घडविता येणाऱ्या, आनंद देणाऱ्या गोष्टींचा विचार करावा म्हणून आपण वस्त्रांकडे वळलो, ही त्या जुन्या कोड्याची उकलही त्यांनी तेथेच केली. ओबामा २७ मे २०१६ रोजी हिरोशिमास गेले. अधिकारावर असताना तेथे पाऊल टाकणारे ते पहिले अमेरिकी अध्यक्ष. लेखामुळे गेले असे आम्ही म्हणणार नाही. मात्र मियाके यांनी आयुष्यभर झाकून ठेवलेली गोष्ट उघडली ती स्वतःसाठी नव्हती, एवढे दिसते.

त्यांच्या कारागिरीचा कळस म्हणजे चुण्या. १९८८ च्या सुमारास ते या नादाला लागले. कापडाला चुण्या घालणे नवे नाही. ग्रीक पुतळ्यांवर त्या आहेत, आणि आमच्या घराघरांतून रोज सकाळी बोटांच्या चपळाईने निऱ्या घातल्या जातात, रात्री मोडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घातल्या जातात. शिवलेल्या वस्त्रात सामान्यतः आधी कापडाला चुण्या पाडतात, मग ते कातरून शिवतात. मियाके यांनी हा क्रम उलटा केला. आधी वस्त्र पूर्ण शिवावयाचे, तेही नेहमीच्या मापाच्या अडीच-तीन पट मोठे. मग हा राक्षसी अंगरखा कागदाच्या दोन थरांमध्ये घालून दाबाच्या व उष्णतेच्या यंत्रातून काढावयाचा. बाहेर येतो तेव्हा तो आक्रसून माणसाच्या मापाचा झालेला असतो आणि त्याच्या चुण्या कायमच्या झालेल्या असतात. हे साधते कारण कापड पॉलिएस्टरचे असते. तापवून दिलेला आकार हा धागा विसरत नाही. सुती किंवा रेशमी कापड इतके स्मरणशील नाही. वस्त्र धुवा, पिळा, वळकटी करून पिशवीत कोंबा. इस्त्रीचे नाव नको. लठ्ठ-बारीक, तरुण-वृद्ध, कुणाच्याही अंगावर ते ताणते आणि बसते. आमच्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत; तेथील गृहिणीला विचारले असते तर तिने या शोधाला पदक दिले असते.

१९९१ साली विल्यम फोर्साईथ यांच्या फ्रांकफुर्ट बॅलेच्या नर्तकांनी ही वस्त्रे घालून नृत्य केले. उड्या मारणाऱ्या, वाकणाऱ्या, घामाघूम होणाऱ्या देहांवर चुण्या हलताना पाहून मियाके यांची खात्री पटली आणि १९९३ मध्ये 'प्लीट्स प्लीज' या नावाने ती बाजारात आली. त्याआधी, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये आम्हांस विशेष भावणारी एक घटना घडली होती. सोव्हिएत संघाच्या जोखडातून नुकताच सुटलेला लिथुआनिया कैक दशकांनी आपल्या नावाने आणि आपल्या झेंड्याखाली संचलनात उतरला, तेव्हा त्याच्या खेळाडूंच्या अंगावर मियाके यांच्या चुणीदार कापडाचा गणवेश होता. लहानशा राष्ट्राने जगापुढे प्रथम उभे राहताना आपल्या वस्त्राचा विचार करावा, आणि त्यासाठी हिरोशिमाच्या माणसाकडे जावे, यात काहीतरी समजूत होती.

स्तुतीबरोबर दोन खटकणाऱ्या गोष्टीही सांगावयास हव्यात. जीन पँट आणि टी-शर्ट यांच्यासारखे सर्वांचे होईल असे वस्त्र करावयाचे, हा मियाके यांचा ध्यास होता. परंतु त्यांच्या दुकानातील किंमतीच्या चिठ्ठ्या पाहिल्या तर १९६८ च्या दगडफेकीतला तो कामगार दारातूनच परतला असता. सामान्य माणसापर्यंत चुण्या पोचल्या त्या नकला करणाऱ्यांच्या मार्फत. दुसरी गोष्ट पॉलिएस्टरची. तेलाच्या विहिरीतून निघालेला हा धागा कुजत नाही, आणि त्याचे ओझे आज समुद्र वाहत आहेत. मियाके यांना याची जाणीव नव्हती असे नाही. २०१० साली त्यांच्या प्रयोगशाळेने गणितज्ञांच्या संगणकी आकृत्या वापरून जमिनीवर सपाट तारका-चौकोनासारखी पडणारी आणि उचलताच झग्याचा आकार घेणारी वस्त्रे केली, ती टाकाऊ पॉलिएस्टरपासून पुन्हा बनविलेल्या कापडाची होती. त्याआधी १९९८ पासून दाई फुजिवारा यांच्यासह त्यांनी एक आणखी धाडसी प्रयोग चालविला होता. संगणकाने चालणाऱ्या यंत्रातून कापडाची लांबच लांब नळी निघावी, तिच्यातच सदरा, घागरा, टोपी, मोजे यांच्या रेषा विणलेल्या असाव्यात आणि विकत घेणाऱ्याने घरी कात्रीने त्या कापून घ्याव्यात. शिलाई नाही, चिंध्या नाहीत, आणि बाही लांब की आखूड याचा निर्णय नेसणाऱ्याचा. किमोनोचा तो बारा मीटरांचा पट्टा यंत्रयुगात असा परत आला. हे विणून निघालेले वस्त्र आज न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. घराघरांत मात्र नाही.

१९९९ साली, एकसष्टाव्या वर्षी, त्यांनी मुख्य संग्रहाची सूत्रे नाओकी ताकिझावा या सहकाऱ्याच्या हाती दिली आणि स्वतः संशोधनाकडे वळले. पुढे फुजिवारा आले, आणखी तरुण आले. नाव चालू आणि खुर्ची रिकामी करून दिलेली, असे हे दृश्य आमच्या साहित्य, सहकार आणि राजकारण या तिन्ही क्षेत्रांतील ज्येष्ठांनी एकदा पाहून यावे.

भारताशी त्यांचा संबंध जुना. १९८० च्या दशकातच अहमदाबादच्या आशा साराभाई यांच्या कार्यशाळेत हाताने विणलेली, हाताने शिवलेली वस्त्रे मियाके यांच्या संस्थेने जपानात नेली. २००० साली मकिको मिनागावा यांनी स्वतःची वस्त्रमालिका सुरू केली तिला नाव दिले 'हाट'. होय, आमच्या बाजारहाटातला हाट. त्या वस्त्रांसाठी भारतीय हातकामाचा उपयोग आजवर चालू आहे. मियाके यांनी वास्तुकार तादाओ आंदो यांच्याकडून टोकियोत एक प्रदर्शनगृह बांधवून घेतले. एकाच पत्र्याची घडी घालावी तसे त्याचे छप्पर आहे. ते २००७ मध्ये उघडले. त्याच वास्तूत २०१८ च्या वसंतात खादीचे प्रदर्शन भरले. मार्तंड सिंग यांनी खादीसाठी केलेल्या कामाचा तो गौरव होता. सिंग आदल्या वर्षीच निवर्तले होते. हाताने कातलेल्या सुतात दोन धागे कधीच सारखे नसतात आणि म्हणून ते कापड अंगावर जिवंत राहते, ही गोष्ट टोकियोतल्या पोरांनी रांगा लावून काचेपलीकडून पाहिली.

आम्ही मात्र खादी पाहतो ती २ ऑक्टोबरला, सवलतीच्या फलकावर. ७ ऑगस्ट हा हातमाग दिन म्हणून २०१५ पासून साजरा होतो, कारण १९०५ साली त्या दिवशी स्वदेशीची घोषणा झाली. २०२० साली या दिनाला जेमतेम दहा-अकरा दिवस उरले असता, २७ जुलै रोजी, अखिल भारतीय हातमाग मंडळ बरखास्त करण्यात आले. विणकऱ्यांनी सरकारशी बोलावयाची एक जागा होती, ती गेली. दिनाची भाषणे मात्र ठरल्याप्रमाणे झाली. पुढच्या वर्षी त्याहून मोठी गोष्ट घडली. ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन राष्ट्रध्वज पॉलिएस्टरचा आणि यंत्रावर विणलेलाही चालेल असे ठरले. आमच्या सीमेपलीकडे हुबळीजवळ बेंगेरी येथे खादीचे प्रमाणित राष्ट्रध्वज शिवणारे केंद्र आहे. तेथील हात बव्हंशी स्त्रियांचे. अशोकचक्राच्या चोवीस आऱ्या दोन्ही बाजूंनी जुळतात की नाही हे त्या डोळ्यांत तेल घालून पाहतात, आणि माप वा टाका चुकला तर ध्वज बाद होतो. या दुरुस्तीनंतर त्या केंद्राने आणि कर्नाटकातील खादी कार्यकर्त्यांनी निषेध नोंदविला. त्याची दखल दिल्लीत कुणी घेतली नाही.

कुणी म्हणेल, मियाके यांचे पॉलिएस्टर तुम्हांस चालते आणि झेंड्याचे चालत नाही, हा कोणता न्याय? न्याय सरळ आहे. मियाके यांनी तो धागा निवडला कारण त्यांना हवे ते दुसऱ्या धाग्याने होत नव्हते; त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे यंत्रे आणि माणसे यांच्यासह डोके फोडले. आम्ही तो निवडला कारण तो स्वस्त आहे आणि लवकर मिळतो. घराघरांवर ध्वज लागावा ही इच्छा चांगलीच होती. परंतु तेवढे ध्वज खादीत विणावयाचे ठरविले असते तर किती चरखे आणि किती माग वर्षभर चालले असते, याचा हिशेब कुणी मांडून पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही. ज्या देशाने एका कापडाच्या बळावर स्वातंत्र्य मागितले त्याच्याच ध्वजाचे कापड कंत्राटदाराच्या सोयीवर सोडून देण्यात आले. ध्वजसंहिता ही काही दगडावर कोरलेली नाही. एका आदेशाने बदलली, तशी दुसऱ्या आदेशाने पूर्ववत् करता येईल. हातमाग मंडळाचेही तेच. गोव्याच्या दोन्ही खासदारांनी आणि बेळगाव, धारवाडच्या प्रतिनिधींनी हा प्रश्न संसदेत एकत्र विचारावा, अशी आमची मागणी आहे.